आकडा वर जातो, पाणी खाली येत नाही

बदलापूर-अंबरनाथच्या कित्येक घरांत दिवस घड्याळावर नव्हे, नळावर सुरू होतो. पाण्याची वेळ पहाटेची असेल तर घरातलं कुणीतरी पहाटे उठतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा बाईच. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या भरून होतात. सोसायटी असेल तर जमिनीखालच्या टाकीतून पंप लावून गच्चीवरची टाकी भरली जाते. दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं उरलेलं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतून द्यायचं, ही घरोघरची रीत. कुठे नळाला तोटीच नसते, कारण पाणी आलेलं कळावं म्हणून नळ उघडाच ठेवलेला असतो. पाणी पुरत नाही म्हणून जिथे मोर्चे निघतात, तिथेच शुद्ध केलेलं पाणी असं रोज गटाराला मिळतं.

कुणाला किती पाणी मिळायचं हे कागदावर अभियंता ठरवतो आणि रस्त्यावर व्हॉल्व्हमन. लांब दांड्याची चावी घेऊन तो चेंबरचं झाकण उघडतो, सवयीने ठरलेले आटे फिरवतो आणि पुढच्या चेंबरकडे निघतो. कोणत्या गल्लीच्या टोकाला दाब पोचत नाही, कोण लाइनवर थेट पंप लावतं, कुठल्या जोडावरची माती उन्हाळ्यातही ओली असते, हे त्याला पाठ असतं. ते कुठल्याही अहवालात नसतं. विकासाच्या योजनांवर देखरेख ठेवण्यासाठी जगभर जी यंत्रणा उभी राहिली आहे, तिचं दुखणं इथेच आहे. ज्याला माहीत असतं त्याला कुणी विचारत नाही, ज्याला विचारलं जातं त्याच्या हातात काही नसतं आणि ज्याच्या हातात असतं तो त्या गल्लीत फिरकत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातली तीन शहरं एकाच रेल्वेमार्गावर ओळीने बसलेली. पाण्याचे धनी मात्र वेगवेगळे. उल्हासनगरला पाणी मिळतं ते मुख्यतः औद्योगिक विकास महामंडळाकडून, त्यामागे बारवी धरण. अंबरनाथ आणि बदलापूरला पाणी देतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. या प्राधिकरणाने या शतकाच्या पहिल्या दशकात बदलापुरात एक धाडसी गोष्ट करून पाहिली. डॉ. संजय दहासहस्र या अभियंत्याच्या पुढाकाराने शहराचा पाणीपुरवठा ठरावीक वेळेवरून चोवीस तासांवर नेण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी शहरातल्या जलवाहिन्यांचं संगणकावर गणिती प्रारूप तयार केलं गेलं, एकेका उंच टाकीच्या आवाक्यात येतील असे विभाग पाडले गेले आणि विभागवार पाणी मोजण्यावर भर दिला गेला. पाण्याच्या क्षेत्रातल्या मंडळींमध्ये बदलापूरचं नाव तेव्हापासून घेतलं जातं.

या प्रयोगामागचा तर्क बघण्यासारखा आहे. पाणी कमी असताना चोवीस तास कसं देणार, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. पण वेळेच्या पुरवठ्यात लोक भीतीपोटी साठवतात आणि साठवलेलं ओततात. नळी रिकामी झाली की तिच्यात पोकळी तयार होते आणि शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या जोडातून आत ओढलं जातं. चोवीस तास दाब राहिला तर या दोन्ही गोष्टी थांबतात. उलट बाजूने, जिथे गळती आहे तिथे ती दोन तासांऐवजी चोवीस तास वाहते. म्हणजे गळती शोधल्याशिवाय हा प्रयोग अंगाशी येणार हे नक्की. ती शोधण्याचा एक मार्ग फार साधा आहे. रात्री दोन ते चारच्या दरम्यान जवळजवळ कुणीच पाणी वापरत नाही. त्या वेळी एखाद्या विभागाच्या तोंडाशी बसवलेला मीटर धावत असेल तर ते पाणी बहुतांश जमिनीत जातंय. मग त्या विभागाचे तुकडे करून एकेक तुकडा बंद करायचा, मीटर कुठे मंदावतो ते बघायचं, तिथे खणायचं, दुरुस्त करायचं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मोजायचं.

मोजा, बदला, पुन्हा मोजा. समाजशास्त्राच्या पुस्तकात याच फेऱ्याला कृतिसंशोधन म्हणतात. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६च्या एका निबंधात त्याची मांडणी केली. परिस्थिती बदलण्याचा प्रयत्न करत करतच ती समजून घ्यायची, आणि ज्यांची परिस्थिती आहे त्यांना या शोधात सहभागी करून घ्यायचं, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रात हा शब्द सर्वांत जास्त ऐकला असेल तो बी.एड. करणाऱ्यांनी. ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुका’ अशा धर्तीचा विषय, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष, आणि शेवटी काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यात बांधलेली फाइल. निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो, कारण तो परीक्षकासाठी लिहिलेला असतो. वर्गातल्या मुलांचं शुद्धलेखन सुधारलं की नाही हे पुढच्या वर्षी कुणी बघत नाही. बी.एड.च्या फाइलचं जे होतं, तेच कोट्यवधी डॉलरच्या विकासप्रकल्पांचं होतं. फरक फक्त बांधणीच्या दर्जात.

परदेशी मदतीच्या जगात देखरेखीची चौकट आली ती १९६९मध्ये. अमेरिकेच्या मदतसंस्थेसाठी तेव्हा एक तक्ता तयार झाला, ज्यात एकाखाली एक उद्दिष्टं आणि त्यांच्या पुढे मोजण्याच्या खुणा, पडताळणीची साधनं आणि गृहीतकं असे रकाने. पुढे जवळजवळ सगळ्या देणगीदारांनी तो उचलला. त्याचा फायदा नाकारता येत नाही. पैसा कशासाठी घेतला आणि त्याचं काय झालं हे विचारायला एक जागा मिळाली. पण हा तक्ता प्रकल्प सुरू होण्याआधी भरला जातो आणि मंजुरी त्याच्यावर मिळते. एकदा मंजुरी मिळाली की तक्ता चुकीचा होता असं म्हणण्यात कुणाचाच फायदा नसतो. गावपातळीवरचा कार्यकर्ता आकडा भरतो, तालुक्याला बेरीज होते, जिल्ह्याला सरासरी निघते, राजधानीत आलेख होतो आणि परदेशातल्या कार्यालयात तो आलेख वार्षिक अहवालात बसतो. एवढ्या प्रवासात वर्ष गेलेलं असतं. परतीचा प्रवास बहुतेक वेळा होतच नाही.

ठाणे जिल्ह्याचा या विषयाशी संबंध मात्र फार जुना आणि फार वेगळ्या वाटेने आलेला. आजचा पालघर जिल्हा २०१४पर्यंत ठाण्याचाच भाग होता. तिथल्या आदिवासींमध्ये १९७०च्या दशकात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली भूमीसेना उभी राहिली. सावकारांनी घशात घातलेल्या जमिनी, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षं राबणारे लग्नगडी आणि कागदावरच राहिलेलं किमान वेतन, हे तिचे प्रश्न. गावोगावच्या शिबिरांत लोक आपल्याच परिस्थितीची चिकित्सा करत. कुणाची जमीन कशी गेली, सातबाऱ्यावर काय आहे आणि प्रत्यक्षात कोण कसतंय, याची उजळणी होई, आणि त्यातून पुढचं पाऊल ठरे. पाऊल चुकलं तर पुढच्या शिबिरात तेही निघे. या प्रक्रियेचा अभ्यास डी सिल्व्हा, निरंजन मेहता, अनिसुर रहमान आणि पोन्ना विग्नराज यांनी केला आणि तो १९७९मध्ये स्वीडनच्या डाग हॅमरशोल्ड प्रतिष्ठानच्या नियतकालिकात आला. रहमान पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून लोकसहभागी कृतिसंशोधनाचे मोठे पुरस्कर्ते झाले. कोलंबियाचे ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर १९९१मध्ये पुस्तक संपादित केलं. जिनिव्हातल्या चर्चासत्रांत जी कल्पना नंतर रुळली, तिच्या पायाभरणीतला एक दगड पालघर तालुक्यातला आहे, हे या भागातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

भूमीसेनेच्या पद्धतीत आणि देणगीदारांच्या तक्त्यात मोजणं दोन्हीकडे आहे. मोजलेलं कुणाकडे राहतं, एवढाच भेद. शिबिरातली माहिती शिबिरातच वापरली जात होती. म्हणूनच ती खोटी सांगण्यात काही हशील नव्हतं. जी माहिती वर पाठवायची असते आणि जिच्यावर पुढचा हप्ता अवलंबून असतो, ती सजवून पाठवण्याचा मोह माणसाला होतोच. विकासक्षेत्रातल्या आकड्यांच्या खरेपणाची चर्चा नेहमी प्रशिक्षण आणि तंत्रज्ञानाभोवती फिरते. टॅब द्या, जीपीएस लावा, छायाचित्र जोडायला सांगा. पण आकडा देणाऱ्याला त्या आकड्याचा उपयोग असेल तर त्याच्यावर पहारा ठेवायची गरज बरीच कमी होते.

उल्हासनगरजवळून वाहणाऱ्या वालधुनीने हे फार कठोरपणे दाखवलं. नदीच्या पाण्याचे नमुने घेतले जातात, ते प्रयोगशाळेत जातात, त्यांचे अहवाल होतात. पण रात्रीच्या अंधारात टँकर आणून रसायन नदीत ओतणारा माणूस नमुना घेण्याच्या तारखेची वाट बघत नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये असंच ओतलेलं रसायन वायू होऊन काठावरच्या वस्तीत पसरलं आणि शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावं लागलं. नदीत काहीतरी ओतलं जातं हे काठावर राहणाऱ्यांना वासावरून, पाण्याच्या रंगावरून कळत असतं. त्यांच्या कळण्याला नोंदीचा दर्जा नाही, आणि ज्याला तो दर्जा आहे ती नोंद येते तेव्हा टँकर कधीच निघून गेलेला असतो. उल्हास आणि वालधुनीचा प्रश्न शेवटी ‘वनशक्ती’ या संस्थेने हरित लवादात नेला. न्यायालयाच्या दारात जावं लागणं म्हणजे देखरेखीच्या फेऱ्यातला एक दुवा तुटल्याचीच खूण.

आता दुसरी बाजू. लोकांना विचारलं, लोकांना सहभागी केलं की सगळं आपोआप सुधारतं, असा एक भाबडा समज कृतिसंशोधनाच्या पुरस्कर्त्यांमध्ये आहे. त्याला उत्तर मुंबईतच मिळालं. आधी नेपाळच्या मकवानपूरमध्ये आणि नंतर झारखंड-ओडिशात ‘एकजूट’ या संस्थेमार्फत गावातल्या बायांचे गट करून एक पद्धत वापरली गेली. बाळंतपणातल्या अडचणी त्यांनीच ओळखायच्या, उपाय त्यांनीच ठरवायचे, करून बघायचे आणि पुन्हा तपासायचे. झारखंड-ओडिशातल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: नवजात बालकांचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटले होते. त्याच काळात, २००६ ते २००९, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजसोबत हीच पद्धत ४८ वस्त्यांत तपासली. निम्म्या वस्त्यांत गट, निम्म्यांत नाहीत. २०१२मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: मृत्यूंचं प्रमाण घटलेलं आढळलं नाही.

हा निकाल दडवला गेला नाही, हे त्या संशोधकांचं मोठेपण. पण त्यातून शिकण्यासारखं आणखी काही आहे. झारखंडच्या गावात बाई घरी बाळंत होत होती, तिथे नाळ कशाने कापायची, बाळाला ऊब कशी द्यायची हे गट ठरवू शकत होता आणि लगेच करू शकत होता. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती. तिथलं पुढचं पाऊल, म्हणजे रुग्णालयातली खाट, डॉक्टरची उपस्थिती, एका दवाखान्याने दुसऱ्याकडे पाठवताना होणारी परवड, हे काही वस्तीतल्या बायांच्या हातात नव्हतं. गटात चर्चा कितीही चांगली झाली तरी चावी दुसऱ्याच्या खिशात होती. ब्रिटनमधल्या बिल कुक आणि उमा कोठारी यांनी २००१मध्ये संपादित केलेल्या एका पुस्तकात लोकसहभागालाच नवी जुलूमशाही म्हणण्यापर्यंत मजल मारली. ते टोकाचं वाटलं तरी मुद्दा खोटा नाही: ज्यांच्याकडे अधिकार नाही त्यांना फक्त चर्चेला बसवलं तर त्यांचा वेळ जातो आणि योजनेला लोकमान्यतेचा शिक्का मिळतो.

मग अधिकार असलेल्यांना आणि अनुभव असलेल्यांना एकाच जागी बसवलं तर? ठाण्यात तेही झालं आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या पाच जिल्ह्यांत अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद आणि पुण्याबरोबर ठाणेही होतं. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यपातळीवर तिचं संयोजन केलं. गावातली समिती प्राथमिक आरोग्य केंद्राची पाहणी करी. औषधं मिळतात का, नर्स गावात येते का, डॉक्टर पैसे मागतात का, अशा प्रश्नांची उत्तरं रंगीत प्रगतिपुस्तकात भरली जात. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते वाचता येई. आणि मग जनसुनवाई. वैद्यकीय अधिकारी मंचावर, तक्रार करणारा समोर, शेजारी अख्खा गाव. बाहेरून औषध आणायला लावल्याची चिठ्ठी कुणी हातात घेऊन उभं राहिलं की ‘साठा पुरेसा आहे’ हे वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडून निघणं अवघड होई. औषध नसल्याची माहिती सरकारी साठापत्रकातही असते. पण साठापत्रक आणि औषध यांच्यामध्ये महिने जातात, जनसुनवाईत ते अंतर काही फुटांचं होतं.

या प्रक्रियेची मर्यादाही सांगायला हवी. तिला पैसा आरोग्य अभियानातूनच मिळत होता, म्हणजे ज्याची झाडाझडती घ्यायची त्याच्याच खिशातून. शिवाय आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला ज्या गोष्टी सुधारता येत होत्या त्या सुधारणं शक्य होतं. रिक्त पदं भरणं त्याच्या हातात नव्हतं. लोकांनी विचारलेला प्रश्न जिल्ह्याच्या वर जाऊ लागला की तो परत सरकारी वेगाने चालू लागतो.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचं उदाहरण यापुढचं कोडं घालतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीला तिथल्या आदिवासींमधल्या सिकलसेलचा शोध लावला. शास्त्राच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता, पण लोकांना त्याचं फारसं अप्रूप नव्हतं, त्यांची दुखणी वेगळी होती. तिथून त्यांनी आपली दिशा बदलली आणि लोकांच्या गरजेवर संशोधन सुरू केलं. नवजात बाळांसाठी त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. ३९ गावांत हा उपक्रम आणि तुलनेसाठी ४७ गावं. उपचार सुरू करण्याआधी एक वर्ष फक्त निरीक्षण. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या निकालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होतं. पुढे केंद्र सरकारने २०११मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात, आणि भेटी पूर्ण झाल्या की अडीचशे रुपये.

लाखो बाळांपर्यंत सेवा पोचली, ही लहान गोष्ट नव्हे. पण गडचिरोलीहून दिल्लीमार्गे बदलापूरजवळच्या एखाद्या पाड्यावर पोचताना या कामातला एक भाग वाटेतच राहिला. गडचिरोलीत आरोग्यदूताला अडचण आली तर ती शिकवणाऱ्यांपर्यंत जाई आणि पद्धत बदले. आशाताईच्या हातात आला तो तयार फॉर्म. बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर पाजणं, एकेक रकाना भरायचा. रकान्यांबाहेरचं काही दिसलं, म्हणजे सूनबाई माहेरी गेल्याने तिसरी भेट होऊच शकत नाही किंवा वजनकाटा बिघडलाय, तर ते कुठे लिहायचं आणि लिहिलं तर कोण वाचणार? सिद्ध झालेला उपाय सरकार उचलतं, तो उपाय घडवताना केलेली दुरुस्तीची पद्धत उचलत नाही. उपाय विकत घेता येतो, फॉर्ममध्ये बसवता येतो. दुरुस्तीची मुभा द्यायची म्हणजे खालच्या माणसाला काही अधिकार द्यावे लागतात.

हे अशक्य नाही, हे ‘प्रथम’च्या वाटचालीत दिसतं. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५मध्ये युनिसेफच्या मदतीने मुंबईत सुरू केलेली ही संस्था. वस्तीतल्याच तरुण मुलींनी मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवायचं, या बालसखी उपक्रमाची मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ दरम्यान काटेकोर परीक्षा झाली. त्या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. परीक्षेत उपक्रम उत्तीर्ण झाला. पण तोच धडा बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि पुस्तकं देऊन नेला तेव्हा नियमित शाळेत फारसा फरक पडला नाही. शिक्षक आपला अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या धबडग्यात होते. इथे थांबून ‘अंमलबजावणी कमी पडली’ असा शेरा मारता आला असता. तसं न करता पद्धत बदलली गेली. हरियाणात दिवसातला एक तास वेगळा काढला, मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता त्यांना काय येतं त्यावरून पाडले, आणि पर्यवेक्षकांनी आधी स्वतः वर्गात उभं राहून शिकवून बघितलं. ज्याने स्वतः फळ्यासमोर घाम गाळलाय तो पर्यवेक्षक रकाना भरला की नाही एवढंच बघून परत जात नाही. ही पद्धत आज झांबियासारख्या आफ्रिकी देशांत पोचली आहे. मुलाला कुठवर वाचता येतं हे ज्या एका कागदावर तपासलं जातं तो कागद शिक्षकाला, आईवडिलांना आणि अर्थतज्ज्ञाला एकसारखाच कळतो, हे त्यामागचं एक मोठं कारण.

या सगळ्या उदाहरणांच्या उजेडात बदलापूरच्या पाण्याकडे पुन्हा बघितलं तर प्रश्न नेमका करता येतो. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती, २०११मध्ये १,७४,२२६. दहा वर्षांत पाऊणपट वाढ. संगणकातलं प्रारूप ज्या शहराचं होतं ते शहर प्रारूप तयार होतानाच बदलत होतं. मुंबईत घर परवडत नाही म्हणून कर्जत लोकलने पुढे पुढे सरकणारी कुटुंबं, नवी संकुलं, नव्या जोडण्या. असं शहर एकदाच मोजून भागत नाही, सतत मोजत राहावं लागतं. पण सरकारी निधी बांधकामाला मिळतो, मोजत राहण्याला मिळत नाही. टाकीचं उद्घाटन होतं, रात्री दोन वाजता मीटर वाचणाऱ्याचं होत नाही.

आकड्यांचा दुष्काळ आहे असंही नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने गेट्स प्रतिष्ठानच्या पैशातून २००९पासून गुजरात आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या, म्हणजे चारशेहून अधिक शहरांच्या पाणी व स्वच्छतेची वार्षिक माहिती गोळा करण्याचं मोठं काम उभं केलं. केंद्राने फेब्रुवारी २०२१मध्ये पेयजल सर्वेक्षण जाहीर केलं, तेव्हा प्रायोगिक टप्प्यासाठी देशातली जी दहा शहरं निवडली त्यांत सुरत, आग्रा, कोची यांच्या रांगेत बदलापूर होतं. नागरिकांच्या मुलाखती, पाण्याचे नमुने, गळतीची पाहणी, सगळं त्यात होतं. यातून शहरांना गुण आणि क्रमांक मिळतात. क्रमांकाने महापालिकांमध्ये चुरस लागते हे खरं, पण बदलापुरातल्या कात्रप किंवा बेलवलीच्या रहिवाशाला आपल्या भागात काल किती पाणी आलं आणि किती मुरलं हे क्रमांकावरून कळत नाही, आणि व्हॉल्व्हमनला उद्या काय वेगळं करायचं हेही नाही.

सेप्टच्याच कामातून एक वेगळी वाट मात्र निघाली. साताऱ्याच्या वाईत आणि नाशिकच्या सिन्नरमध्ये शौचालयाच्या टाक्या तुंबल्यावर उपसण्याऐवजी ठरावीक वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसण्याचा कार्यक्रम नगरपरिषदांनी घेतला. वाईत तो २०१८पासून चालू आहे, तीन वर्षांचा फेरा धरून. कंत्राटदाराचे पैसे कामगिरीशी बांधलेले, आणि प्रत्येक उपशाची नोंद मोबाइलवर, घरमालकाच्या सहीसकट. घर बंद होतं, टाकी सापडली नाही किंवा मालकाने नकार दिला तर पुढच्या आठवड्याचं नियोजन नगरपरिषदेलाच बदलता येतं. तंत्र विद्यापीठाचं, पण नोंद वापरणारं कार्यालय गावातच.

आक्षेप येईल की वाई लहान आहे. उल्हासनगरची लोकसंख्या २०११मध्येच पाच लाखांवर होती, फाळणीनंतर छावण्यांवर उभ्या राहिलेल्या या शहरात गल्लीगणिक जोडण्यांचा गुंता आहे. आक्षेप रास्त आहे, पण विभाग पाडण्याचा हेतूच मोठं शहर लहान करून हाताळणं हा असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: स्थानिक माणसाला बदलाची मुभा दिली तर हितसंबंधी लोक ती वापरतील. व्हॉल्व्हचे दोन आटे जास्त फिरवण्यासाठी दबाव येतो हे कुणाला नवं नाही. पण आज तो दबाव अंधारात येतो. विभागाचा रोजचा आवक-जावक आकडा वॉर्डातल्या फलकावर लागला तर शेजारच्या गल्लीलाही तो दिसेल.

तिसरी अडचण राजकीय आहे. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२०मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकांकडे राहिला. नगरसेवक कसाही असला तरी पाणी आलं नाही तर लोक त्याच्या दारात जाऊ शकतात. दार नसलं की तक्रार ऑनलाइन पोर्टलवर जाते आणि ‘निकाली काढली’ असा संदेश येतो. लोकांकडून माहिती घ्यायची तर ती ऐकायला बांधील असलेलं कुणीतरी निवडून आलेलं असावं लागतं. कितीही चांगली सर्वेक्षणपद्धत ही उणीव भरून काढत नाही.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा इतिहास इथे उपयोगी पडावा, कारण त्याच्याच ३अ टप्प्यात कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आहे. या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेने २००२मध्ये कर्ज दिलं. पुनर्वसनाची देखरेख कागदोपत्री कडक होती. तरी रस्त्याकडेच्या दुकानदारांसह विस्थापितांच्या तक्रारी २००४मध्ये थेट वॉशिंग्टनच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या आणि मार्च २००६मध्ये बँकेला रस्ते आणि पुनर्वसनाच्या कामांचा पैसा काही महिने थांबवावा लागला. कुर्ल्यातल्या दुकानदाराला आपली अडचण सांगायला वॉशिंग्टन जवळचं वाटावं, यात देखरेखीच्या त्या सगळ्या तक्त्यांचा निकाल आहे.

ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या अमृत २.० योजनेने शहरांपुढे हिशेबाबाहेरचं पाणी वीस टक्क्यांच्या आत आणण्याचं आणि चोवीस तास पुरवठ्याकडे जाण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. बचत गटांतल्या बायांना पाण्याच्या कामात आणणारा ‘अमृत मित्र’ उपक्रमही त्यात आहे. या बायांना केवळ नमुने गोळा करायला न लावता रात्रीच्या मीटरची वही त्यांच्याकडे दिली, महिन्यातून एकदा व्हॉल्व्हमन, शाखा अभियंता आणि त्या यांना एकत्र बसवलं, आणि त्या बैठकीत ठरलेली ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती वरच्या मंजुरीवाचून करण्याचा अधिकार शाखा अभियंत्याला दिला, तर खर्च पाइपांच्या मानाने किरकोळ आहे. निधी देणारा केंद्राचा असो की जागतिक बँकेचा, त्याने करारात दोन कलमं घालावीत: काम संपल्यावर किमान दहा वर्षं मोजणीचा खर्च, आणि मोजणीतून उद्दिष्ट चुकीचं निघालं तर दंडाशिवाय ते बदलण्याची तरतूद. पहिल्या कलमाला वित्त विभाग विरोध करील आणि दुसऱ्याला लेखापरीक्षक, आणि दोघांशीही भांडावं लागेल.